चौविहाराचं पाणी

९ जानेवारी १९६९, गुरुवार. जळगाव

बियाणेवाल्या एजंटाने नव्या वर्षाची डायरी भेट दिली तेव्हा ठरवलं होतं, हिच्यात रोज एक सुविचार लिहायचा. आठ पानं कोरी गेली. आज नवव्या पानावर सुविचार नाही, संताप लिहितो आहे.

ट्रकच्या विमा कंपनीचं पत्र आलं, धुळ्याच्या शाखेतून. इंग्रजीत होतं, वकिलांकडून मराठी करून घेतलं. जसंच्या तसं उतरवून ठेवतो:

"दि. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी पारोळा-एरंडोल रस्त्यावर झालेल्या अपघातात दोष सर्वस्वी मोटारचालक वेस्ता याचा आहे. अंधार पडला असताना त्याने मोटारीचे दिवे लावले नव्हते. पंचनाम्यात वेळ रात्री आठची आहे. मोटारमालक स्वतःच आपल्या पत्रात लिहितात की, 'सूर्यनारायण अस्ताचलास जाऊन दाही दिशा काळवंडल्या असता' टक्कर झाली. सबब मोटारीची व चालकाच्या दुखापतीची भरपाई नामंजूर. मोटारीत कोणाला फारसे लागले होते असेही दिसत नाही. टक्कर झाल्यावर मोटारीतील बाई पेल्यातून पाणी प्यायल्या आणि मग आपल्या पायांनी उतरल्या, असे ट्रकच्या क्लीनरने जबाबात सांगितले आहे."

फारसं लागलं नव्हतं! वेस्ताचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, आणि हे पाण्याचं काय घेऊन बसले आहेत?

पुढेमागे ही डायरी कोर्टात दाखवावी लागेल, म्हणून नीट लिहितो. मी फुलचंद, वय त्रेपन्न, पिंप्राळा रस्त्यावर डाळमिल. आमच्याकडे घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, पण कागदावर माझी मराठी. शाळेत निबंधाला पहिला नंबर माझा असे. त्या रविवारी धुळ्याला बहिणीकडे गेलो होतो. मी, पत्नी प्रेमकुंवर आणि गाडी चालवायला वेस्ता. जेवणानंतर मला घटकाभर आडवं व्हायचं होतं, पण प्रेमकुंवरने निघायची घाई केली. तिचा एकोणीस वर्षांचा चौविहार, आम्हा जैनांचा नेम. सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. तिच्या या नेमापायी आम्ही प्रत्येक लग्नातून रात्रीच्या पंगतीआधी उठतो. त्या दिवशीही उठलो. पारोळा सोडल्यावर फैजपूरहून केळी घेऊन निघालेला ट्रक समोरून आला, आपली बाजू सोडून सरळ आमच्या अंगावर. वेस्ताने गाडी रस्त्याखाली घातली म्हणून आम्ही वाचलो. धडक त्याच्याच दाराला बसली.

गाडी जुनी आहे, तिचं एवढं नाही. पण पोलिसांनी वेस्ताचं लायसन ठेवून घेतलं आहे. कंपनीचा निकाल काय लागतो ते पाहू म्हणाले. तर निकाल हा असा लागला. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्याच्या गावात लायसन मिळवणारा तो पहिला माणूस. ते गेलं की त्याचं सगळं गेलं.

१० जानेवारी, शुक्रवार

वेस्ताला विचारलं, दिवे का लावले नव्हतेस?

"उजेड व्हता, शेठ. दिवा कसाले लावू? त्या ट्रकवालाना डोयास्मा ऊन व्हतं. त्याले आपली गाडी दिसनीच नही."

"डोळ्यांत ऊन कुठलं? सूर्य मावळला होता. मी तसं लिहून दिलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही लिखेल शे, तर तसंच व्हई."

माझ्या मनात पाल चुकचुकली. माणूस खरा असेल तर अशी मान खाली कशाला घालेल? मी कंपनीशी भांडायला निघालो आहे आणि माझाच ड्रायव्हर मला खात्रीने काही सांगत नाही.

१३ जानेवारी, सोमवार

आज खरं लिहून टाकतो. मी झोपलो होतो.

पारोळ्याचा नाका आठवतो. त्यानंतर एकदम शुद्धीवर आलो तेव्हा कोणीतरी मला रस्त्याकडेच्या दगडावर बसवलेलं, डोक्याला टेंगूळ आणि समोर कंदील धरून हवालदार. तेव्हा मिट्ट अंधार होता. मग कंपनीचं पत्र आलं, 'प्रत्यक्ष काय पाहिलेत ते लिहा.' आता मिलच्या मालकाने काय लिहायचं, मी घोरत होतो? शिवाय कोरा कागद समोर आला की माझं पेन थांबत नाही. सूर्यनारायण, अस्ताचल, दाही दिशा, सगळं ओघात येत गेलं. वाचून माझं मलाच बरं वाटलं होतं.

वेस्ताला हे माहीत असेल का? ड्रायव्हरला आरशात मागचं दिसतं म्हणतात.

ही डायरी कोर्टात दाखवायची नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शेजारच्या बायका तिळगूळ घेऊन आल्या. प्रेमकुंवरने हसून घेतला आणि डब्यात टाकला, तोंडात घातला नाही. गोड सोडलंय म्हणाली. कधीपासून? तर नोव्हेंबरपासून! दोन महिने माझ्या घरात हे चाललंय आणि मला पत्ता नाही. कशासाठी, विचारलं, तर म्हणाली, "असंच."

रोज दुपारी वेस्ताच्या खोलीवर डबा जातो, तोही ती स्वतः नेते, नोकराच्या हाती देत नाही. बायकांचे नेम. आपण त्यात पडू नये.

२२ जानेवारी, बुधवार

एस. टी.ने धुळ्याला जाऊन आलो. कंपनीचे अधिकारी तिरोडकर म्हणून आहेत, कोकणातले, तीन महिन्यांपूर्वी इकडे बदलून आले. आमची थंडी मानवलेली दिसत नाही, ऑफिसातही मफलर. टक्कर उजेडात झाली, आठ ही हवालदार पोहोचल्याची वेळ, हे माझं बोलणं शांतपणे ऐकलं आणि माझंच पत्र माझ्यापुढे सरकवलं.

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय?"

मी म्हणालो, साहेब, ती भाषा जरा अलंकारिक आहे. ते म्हणाले, विमा कंपनीला अलंकार कळत नाहीत. माझा चेहरा पडला तो एरंडोलपर्यंत वर आला नाही. रस्त्यात ती जागा लागली. बाभळीखाली अजून काच पडलेली आहे.

एवढं मात्र पदरात पडलं: अठरा फेब्रुवारीला चार वाजता सगळ्यांना समोरासमोर ऐकून घेणार. ट्रकचा ड्रायव्हर, क्लीनर, आम्ही. ज्याला जे सांगायचं ते त्या दिवशी सांगावं, त्यानंतर फाइल बंद.

२ फेब्रुवारी, रविवार

वेस्ताची बायको दिवालीबाई गावाहून आली. पदरात डिंक बांधून आणला होता, तो प्रेमकुंवरच्या पुढ्यात ठेवला. म्हणाली, "त्याले घर ली जास मी. हात बसना म्हनजे लाकडं तोडी."

वेस्ता दाराशी उभा होता. दहा वर्षांपूर्वी मिलमध्ये पोती उचलायला आला होता. मिलच्या ट्रकजवळ उभा राहून पाहत राहायचा, पाहून पाहूनच शिकला. लायसन मिळालं त्या दिवशी ते छातीशी धरून मला दाखवायला आला होता. ते सगळं आठवलं.

प्रेमकुंवर एवढंच म्हणाली, "अठरा तारखेपर्यंत थांब, बाई." आणि आत गेली. थोड्या वेळाने मी आत गेलो तर तिचे डोळे लाल. कांदा चिरत होती म्हणावं, तर आमच्या घरात कांदा येत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

माझं निवेदन तयार झालं. अकरा पानं, शिवाय रस्त्याचा नकाशा, दोन रंगांच्या शाईत. सुरुवात आटोपशीर ठेवली आहे, फक्त न्यायदेवतेला वंदन.

संध्याकाळच्या जेवणानंतर, उन्हं असतानाच, ते प्रेमकुंवरला वाचून दाखवलं. कशाला उत्तर आहे ते कळावं म्हणून कंपनीचं पत्रही वाचलं. आजवर तिला ते वाचून दाखवलं नव्हतं, घरात उगीच ताप कशाला. ती तूरडाळ निवडत होती. 'बाई पेल्यातून पाणी प्यायल्या' इथे तिचा हात थांबला.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं.

"म्हणजे त्या क्लीनरने पाहिलं," ती म्हणाली. डाळीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मी येते धुळ्याला."

"तुझं तिथे काय काम?"

"माझंच काम आहे."

त्या ओळीत असं काय आहे? मी ती अकरा पानांत घेतलेलीच नाही, महत्त्वाची नाही म्हणून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. धुळे, बहिणीच्या घरी

आजचं आजच लिहायला हवं.

चार वाजता तिरोडकरांच्या खोलीत बसलो. एका बाजूला मी, प्रेमकुंवर, आणि हात गळ्यात बांधलेला वेस्ता. दुसऱ्या बाजूला ट्रकचा ड्रायव्हर अभिमन, गळ्यात टॉवेल, आणि त्याचा क्लीनर निंबा, पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या झालेला. मी निवेदन वाचायला घेतलं. दुसऱ्या पानावर तिरोडकरांनी हात वर केला. "पुरे, इथे ठेवा." पानं पेपरवेटखाली ठेवून घेतली. उलटून पाहिली नाहीत, म्हणजे पहिल्या दोन पानांतच पटली असावीत.

अभिमन म्हणाला, अंधार होता, मोटारीला दिवे नव्हते. वेस्ता म्हणाला, उजेड होता. तिरोडकर वेस्ताला म्हणाले, "तुझे शेठ तर लिहितात अंधार होता." वेस्ताने माझ्याकडे पाहिलं. झालं, मला वाटलं, फाइल बंद.

तेवढ्यात प्रेमकुंवर उठली. डोक्यावरचा पदर सारखा केला. परक्या पुरुषांपुढे चार शब्द न बोलणारी बाई.

"साहेब, पाण्याचं विचारा."

"कसलं पाणी?"

"तुमच्या पत्रात आहे. मी पाणी प्याले ते."

तिरोडकरांनी फाइल चाळली आणि निंबाला विचारलं. निंबा छाती पुढे काढून बोलला. आम्हाला लागलं नव्हतं हे त्याला ठासून सांगायचं होतं. "हा साहेब! बाईनी पेलामा पानी लिधं, हात जोडात, पिदं, मंग उतरनी. मी मन्हा डोयाघाई देखं. लागेल ऱ्हातं तर अशी पानी पिती का?"

"खरं आहे," प्रेमकुंवर म्हणाली. "साहेब, एकोणीस वर्षं सूर्य मावळल्यावर माझ्या तोंडात पाणी गेलेलं नाही. तापात नाही, बाळंतपणात नाही. टक्कर झाल्यावर मी मागच्या काचेतून पाहिलं. सूर्याची कड अजून वर होती. मनात आलं, आता रात्र कुठे जाईल कोण जाणे, आत्ताच पिऊन घ्यावं. पुढे वेस्ताचा हात लोंबत होता. रक्त गळत होतं. आणि मी..." तिचा आवाज फुटला. "मी आधी पाणी प्याले, मग त्याच्याकडे गेले. तहान लागली नव्हती मला. नेम होता म्हणून. तीन महिने हे मी कोणापाशी बोलले नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. गोड सोडणं, डबे, लाल डोळे. एका घरात राहून मला यातलं काहीही दिसलं नव्हतं.

तिरोडकरांना मात्र अजून उलगडा होईना. "पण रात्री पाणी प्यायलात तर बिघडतं काय?"

दारातला म्हातारा शिपाई वना न विचारताच बोलला, "साहेब, धुयामा कोनले बी इचारा. दिवस बुडना की या बाया पानी पेतीस नही. मरी जातीन, पन पेतीन नही."

तिरोडकरांनी त्याला कपाटातून गेल्या वर्षीचं पंचांग काढायला लावलं. बोटाने तारीख शोधली. सूर्यास्त पावणेसहा. हवालदार पोहोचला आठला आणि त्याने वेळ लिहिली ती आपल्या पोहोचण्याची. हे मी किती वेळा तोंडाने सांगितलं होतं, पण माझं पत्र आडवं येत होतं. आणि आता नेमकं तेच पत्र त्यांनी हातात घेतलं.

"बाई, तुमचे पती लिहितात सूर्य मावळला होता. ते जागे होते ना?"

"नाही. झोपले होते."

"झोपले होते?"

"पारोळ्यापासून. घोरत होते."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. वना तोंडावर हात धरून बाहेर गेला. तिरोडकर हसले नाहीत. प्रेमकुंवरकडे बघून म्हणाले, "तुम्ही आपल्या नवऱ्याच्या सहीविरुद्ध बोलताय."

"तुम्ही विचारलंत म्हणून."

त्यांनी वेस्ताकडे वळून विचारलं, हे तुला माहीत होतं? तो म्हणाला, हो. मग बोलला का नाहीस? तुझं लायसन जातंय.

"शेठनी लिखेल शे," वेस्ता म्हणाला. "लिखेलपुढे मी काय बोलू, साहेब?"

धरणीची आता मला गरज वाटेना, माझी मीच मान खाली घातली. माझ्या चार अलंकारांसाठी हा माणूस लाकडं तोडायला जायला तयार झाला होता, आणि मी मात्र त्याच्यावरच संशय घेत होतो.

मग तिरोडकरांनी अकरा पानांच्या तळातून माझा नकाशा ओढून काढला (नकाशा उत्तमच आहे) आणि त्यावर पट्टी ठेवली. "ट्रक एरंडोलकडून पारोळ्याकडे. म्हणजे तोंड मावळतीला. सूर्य होता हे तुमचा क्लीनरच सांगतोय. अभिमन, मग तो कुठे होता?"

अभिमनने टॉवेल गळ्यातून काढून मुठीत आवळला. "डोयास्मा," तो हळूच म्हणाला. "डोयास्मा व्हता, साहेब. माले काहीच दिसनं नही. मालक म्हने, अंधार सांग." आणि निंबा त्याच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिला. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं असावं.

फाइल मिटताना तिरोडकर म्हणाले, लेखी निकाल कळवतो. पण उठून उभे राहिले ते प्रेमकुंवरसाठी. दार त्यांनी स्वतः उघडलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. जळगाव

दिवसभर तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी म्हणालो, "घोरत होते हे सांगायलाच हवं होतं? झोपले होते एवढ्यात भागलं असतं."

"घोरत होतात ना पण."

जरा वेळाने मी विचारलं, "एवढं मनाला लागलं होतं तर तीन महिने एकटीने का ठेवलंस?"

"तुम्हीही ठेवलंतच की," ती म्हणाली.



८ मार्च, शनिवार

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

"पूर्वीचा निर्णय रद्द करण्यात येत आहे. दोष सर्वस्वी ट्रकचालकाचा. मोटारचालक वेस्ता याचा कोणताही दोष आढळत नाही." सर्वस्वी! त्यांचाच शब्द त्यांच्यावर उलटला. गाडी दुरुस्त करून देणार, वेस्ताच्या हाताची भरपाई देणार, आणि प्रत पोलिसांकडे गेली आहे.

मी पत्र हातात घेऊन मिलच्या अंगणात गेलो आणि सगळ्या हमालांपुढे मोठ्याने वाचलं. वेस्ताला उभं केलं आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. त्याने कागद मागितला. त्याला वाचता येत नाही. स्वतःचं नाव कुठे आहे ते विचारलं आणि तिथे बोट ठेवून उभा राहिला. दिवालीबाईने तिथल्या तिथे फुगडीला तानुबाई हमालिणीचे हात धरले. मिल तासभर बंद. आमच्या बाजारात फुलचंदची मिल कामाच्या दिवशी कधी बंद झाल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

माझ्या नकाशाचा यात मोठा वाटा आहे. अकरा पानांचाही असणारच. पण लोक येतात ते अभिनंदन करायला प्रेमकुंवरकडे जातात, आणि मला विचारतात, झोप लागते ना नीट?

तिरोडकरांनी पत्राखाली हाताने लिहिलंय, 'आपल्या पत्नीस नमस्कार.' मला नाही.

२३ मार्च, रविवार

गुरुवारी वेस्ताला लायसन परत मिळालं. आज त्यानेच गाडी चालवली, धुळ्याला जाऊन आलो. हात अजून पुरता सरळ होत नाही, पण स्टिअरिंग धरलं की कोणाला कळणार नाही.

परतताना पारोळा सोडला आणि त्या बाभळीपाशी त्याने आपणहून गाडी बाजूला घेतली. खाली उतरून मागचं दार उघडलं.

"अक्का, पानी पी ल्या. दिवस शे अजून."

प्रेमकुंवर उतरली. मी उतरलो. तिने लायसनच्या पेढ्यांचा डबा उघडला आणि एक पेढा तोंडात घातला. चार महिन्यांनी गोड. मग तांब्यातून पेला भरला आणि वेस्तापुढे धरला. तो दोन पावलं मागे सरला. आमच्या घरी तो नेहमी ओंजळीने पाणी पितो, वरून ओतलेलं.

"पहिले तुम्ही, अक्का. दिवस बुडी जाई."

"बुडू दे. आधी तू."

एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. वेस्ताने डाव्या हाताने पेला घेतला, मग उजवाही लावला आणि ओठांना लावून सगळं पाणी प्याला. तिने तोच पेला पुन्हा भरला, मावळतीकडे पाहून हात जोडले आणि प्याली.

एरंडोलकडून एक ट्रक आला. ड्रायव्हरने उन्हाला आडवा हात धरला होता. आपल्या बाजूने नीट निघून गेला.

साडेसहा वाजले होते. सूर्य होता. मी जागा होतो. स्वतः पाहिलं, म्हणून लिहितो.